‘मला नाही येत’ म्हणणारी मुलं आणि चित्रपुस्तकं

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘चित्रपुस्तकं आणि लहान मुलांचा आत्मसन्मान’ या विषयावर पालकांकडून आणि बालवाडीच्या ताईंकडून प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. बरेच प्रश्न एकमेकांत मिसळणारे होते, म्हणून सात निवडले. उत्तरं बालशिक्षण आणि बालग्रंथालयाच्या कामातल्या आमच्या सल्लागारांनी दिली आहेत. पत्रांत मुलांचा उल्लेख असल्यामुळे लिहिणाऱ्यांची नावं गाळून फक्त भाग दिला आहे.

माझी मुलगी साडेचार वर्षांची, लहान गटात आहे. काहीही करायला सांगितलं की आधीच ‘मला नाही येत’. सँडलचा पट्टा, कात्री, चित्र, सगळ्याला हेच उत्तर. आत्मविश्वास वाढवणारी म्हणून पाच पुस्तकं ऑनलाइन मागवली. पानापानावर ‘मी शूर आहे, मी हुशार आहे, मी खास आहे’. दोन महिने रोज रात्री वाचतोय. तिला सगळी वाक्यं पाठ झाली, फरक मात्र शून्य. आमचं काय चुकतंय? (एक आई, कोथरूड)

वाचण्यात काही चुकलं नाही, पुस्तकं चुकली. साडेचार वर्षांच्या मुलीला ‘मी शूर आहे’ हे ‘शुभं करोति’सारखं पाठ होतं, म्हणता येतं, पण त्याचा सँडलच्या पट्ट्याशी काही संबंध लागत नाही. ‘मी एकूण कशी आहे’ असं स्वतःबद्दलचं मत या वयात अजून तयार झालेलं नसतं. जे असतं ते सुटं सुटं : मला घसरगुंडीवर चढता येतं, मला कात्री धरता येत नाही, शेजारची मुलं मला खेळायला घेतात. म्हणूनच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांनी सहकाऱ्याबरोबर १९८४मध्ये लहान मुलांसाठी जी चाचणी बसवली, तिच्यात चित्रांच्या जोड्या आहेत. एका चित्रात कोडं जमलेलं मूल, दुसऱ्यात न जमलेलं. तुझ्यासारखं कोणतं, बोट ठेव. खाती चार : डोक्याचं काम जमणं, अंगाचं काम जमणं, सवंगड्यांनी आपल्यात घेणं, आईने आपलं म्हणणं. पुस्तक घेताना यांतलं कोणतं खातं रिकामं आहे ते आधी बघा. तुमच्या पत्रावरून तरी हातांच्या कामाचं दिसतंय. तेव्हा एखादं मूल हातांनी काहीतरी करतंय, ते बिघडतंय आणि ते मूल पुन्हा करतंय, असं पुस्तक शोधा. मुखपृष्ठावर ‘आत्मविश्वास’ हा शब्द असण्याची काही गरज नाही; नसला तर बरंच.

ऑनलाइन मागवण्यापेक्षा एकदा अप्पा बळवंत चौकात जा आणि दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटं पुस्तक तपासा. आधी एकही शब्द न वाचता नुसती चित्रं उलटा. गोष्ट कळली पाहिजे, कारण तुमची मुलगी तेवढंच वाचणार आहे. वाचून दाखवताना लहान मुलांची नजर कुठे जाते हे कॅनडातल्या दोन संशोधकांनी २००५मध्ये उपकरण लावून तपासलं. मुलं अक्षरांकडे जवळजवळ बघतच नव्हती, सगळा वेळ चित्रांवर. मग बिघडण्याचं पान शोधा. चोवीस पानांच्या पुस्तकात नवव्या पानावर मनोरा पडला आणि दहाव्यावर उभा राहिला, तर ती जादू झाली. निदान दोनदा पडायला हवा, आणि दुसऱ्यांदा मुलाने काहीतरी वेगळं करून पाहिलेलं चित्रात दिसायला हवं. त्यानंतर बघा, सोडवतंय कोण. आई, दादा, परी किंवा शहाणं घुबड येऊन सोडवत असेल तर पुस्तक परत ठेवा. आईने स्टूल धरलेलं चालेल, चढायचं मुलानेच. शेवटच्या पानावर सगळा वर्ग टाळ्या वाजवत असेल तरीही जरा विचार करा. जमल्याचा आनंद बघणाऱ्यांच्या टाळ्यांवर अवलंबून असतो, असं ते पान शिकवतं. त्यापेक्षा मूल आपलं काम उरकून खेळायला पळतंय, असा शेवट पुष्कळ चांगला.

आता वाचण्याबद्दल. एका आठवड्याला एकच पुस्तक घ्या. पहिल्या दिवशी सरळ वाचा, प्रश्न नकोत. दुसऱ्या दिवसापासून पान तिने उलटायचं, तिच्या वेगाने. दोन पानं एकदम उलटली तरी चालू द्या. तिसऱ्या दिवशी बिघडण्याच्या पानावर थांबा, ‘आता?’ एवढंच म्हणा आणि मनात पाच आकडे मोजा. हे पाच आकडे फार लांब वाटतात. बहुतेक मोठी माणसं दुसऱ्या आकड्यालाच उत्तर देऊन टाकतात, आणि मुलीला कळतं की गप्प राहिलं की कोणीतरी बोलतंच.

समजा पानावर एक मुलगी पायरीवर बसली आहे आणि चित्रकाराने तिच्या उजव्या पायात डावी चप्पल काढली आहे. मजकुरात चपलेचा उल्लेखच नाही. तुम्हाला ते लगेच दिसेल. बोलू नका. दोन दिवसांनी, चार दिवसांनी तुमची मुलगी म्हणेल, ‘अगं, हिची चप्पल उलटी आहे!’ तेव्हा ‘शाब्बास, किती हुशार!’ म्हणू नका. ‘कुठे? दाखव बघू,’ म्हणा. ती बोट ठेवेल, समजावून सांगेल, कदाचित स्वतःची चप्पल आणून दाखवेल. तेवढा वेळ त्या खोलीत जाणकार ती आहे आणि ऐकणाऱ्या तुम्ही. चित्रपुस्तकातून मिळायचं ते इथे मिळतं.

सर्रास होणारी चूक एकच : ‘बघ, ती कशी पुन्हा प्रयत्न करते! तू का नाही करत?’ हे वाक्य आलं की पुस्तक उलटतपासणीचं साधन होतं. उद्या ती ते पुस्तक पलंगाखाली सरकवेल, आणि तिचं बरोबर असेल.

कौतुकाचंही थोडं तोलून बघा. नेदरलँड्समधला २०१४ सालचा एक प्रयोग आहे. ८ ते १२ वर्षांच्या मुलांनी व्हॅन गॉगच्या रानगुलाबांच्या चित्राची नक्कल काढली. मग चित्रकाराकडून आलेली म्हणून चिठ्ठी दिली. काहींच्या चिठ्ठीत ‘सुंदर चित्र’, काहींच्या चिठ्ठीत ‘अविश्वसनीय सुंदर चित्र’. पुढचं चित्र सोपं घ्यायचं की अवघड, असं विचारल्यावर मुळात स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्या ज्या मुलांना ‘अविश्वसनीय’ची चिठ्ठी मिळाली होती, ती अवघड टाळायला लागली. साहजिक आहे, एवढ्या उंचावरून पडायची भीती वाटणारच. आणि गंमत अशी की मोठी माणसं असलं फुगवलेलं कौतुक नेमकं याच मुलांचं जास्त करतात.

‘मला नाही येत’ला ‘येतं गं तुला’ हे उत्तर देऊ नका. तो वाद होतो आणि त्यात ती जिंकते. ‘कुठवर येतं, दाखव,’ म्हणा. पट्टा कडीत घालेपर्यंत येतो आणि ओढताना निसटतो, असं निघालं तर तुम्हाला फक्त ओढण्याची अडचण सोडवायची आहे.

एक गोष्ट मात्र पुस्तकांवर सोपवू नका. ‘मला नाही येत’च्या जागी ‘मी वाईट आहे’, ‘मी नकोच’ असं येऊ लागलं, झोप-जेवण बिघडलं, किंवा सुटलेलं गादी ओली करणं पुन्हा सुरू झालं, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

मुलगा तीन वर्षांचा. गेले तीन आठवडे रोज तेच बसचं पुस्तक. मला तोंडपाठ झालंय, पानं गाळली तर रडतो. लपवून ठेवू का? (एक बाबा, वाघोली)

लपवू नका. दिवसभर त्याला काय होणार आहे हे दुसरेच ठरवतात. कधी आंघोळ, कधी जेवण, कधी निघायचं. पुढच्या पानावर काय येणार हे त्याला आधीच माहीत असलेली ही एकमेव जागा आहे. पान गाळल्यावर तो रडतो, कारण तुम्ही त्याची ती जागा काढून घेता.

कंटाळा तुमचा आहे, त्यावर उपाय आहे. ओळीतला शेवटचा शब्द सोडून थांबा, तो भरेल. आठवडाभराने अर्धं वाक्य सोडा. मग मुद्दाम चुका, ‘बस निघाली चंद्रावर’ असं काहीतरी. तो खो-खो हसत तुम्हाला दुरुस्त करेल. ही चूक मात्र पुस्तक पाठ झाल्यावरच करायची, नाहीतर तो गोंधळतो. शेवटी पुस्तक त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ‘आज तू मला वाच.’ तो उलटं धरेल, तरी ऐका.

नात पाच वर्षांची. रंगाने सावळी, माझ्यावर गेली आहे. परवा स्वतःचं चित्र काढलं आणि फिकट गुलाबी खडूने रंगवलं. विचारलं तर म्हणाली, ‘हा स्किन कलर आहे, ताई म्हणाल्या.’ तिच्या पुस्तकांतल्या साऱ्या राजकन्याही गोऱ्याच. मी तिला सांगते की बाळा, रंग काळा असला तरी तू सुंदर आहेस. एवढं पुरे आहे का? (एक आजी, सदाशिव पेठ)

आजी, तुमच्या वाक्यातला ‘तरी’ तेवढा काढून टाका. ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस’ हे आपण स्थळं बघताना इतकी वर्षं ऐकत आलोय की ते कौतुकच वाटतं. पण पाच वर्षांच्या मुलीला व्याकरण पक्कं कळतं. ‘पाऊस असला तरी जाऊ’ म्हणजे पाऊस ही अडचण. ‘काळी असली तरी’ म्हणजे रंग ही अडचण. तुमच्या प्रेमाबरोबर ही अडचणही तिच्यापर्यंत पोचते.

खडूंपासून सुरुवात करा, तिच्याबरोबर बसून. तेलखडूंच्या डबीतून तपकिरी, नारिंगी, पिवळा आणि थोडा लाल घ्या. जाड कागदावर आधी पिवळा हलका घासा, त्यावर नारिंगी, वर तपकिरी, आणि बोटाने चोळा. तिचा हात कागदाशेजारी ठेवून जुळतोय का बघा. नाही जुळला तर आणखी एक थर. मग तुमचा हात, मग आईबाबांचा. एका घरातले चार हात चार वेगळे निघतील. खाली तिला नावं ठेवू द्या : गुळाचा, चहाचा, चिंचेचा, नाचणीच्या भाकरीचा. काळा खडू मिसळू नका, त्याने रंग मळतो आणि मुलगी निराश होते. ‘स्किन कलर’ हा शब्द घरात वापरायचा नाही, तो खडू म्हणजे ‘फिकट गुलाबी’. ताईंनाही हे चार हात दाखवा. त्या रागवणार नाहीत, सवयीने बोलल्या असतील.

राजकन्यांची पुस्तकं फेकू नका, हट्ट वाढेल. शेजारी दुसरी ठेवा. भारतात चितारलेल्या पुस्तकांत आपल्यासारखी दिसणारी माणसं सहज सापडतात; ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका यांची मराठी पुस्तकं चाळा. मात्र एक पारख ठेवा. सावळी मुलगी ‘सावळेपणाच्या’ गोष्टीतच असेल तर तिचा रंग पुन्हा विषय होतो. सावळी मुलगी पतंग उडवते, दात पडला म्हणून रडते, मांजर शोधते, आणि रंगाचा शब्दही नाही, अशी पुस्तकं तीन असतील तर रंगाविषयीचं एक पुरे. अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९०मध्ये पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटलं होतं : आरशात आपण दिसतो, खिडकीतून दुसरे. तुमच्या नातीकडे खिडक्या बऱ्याच झाल्या आहेत, आरसे कमी पडतायत.

मी अंगणवाडी सेविका आहे. पटावर २६ मुलं, तीन ते सहा वयाची. पुस्तकं सगळी मिळून अकरा, त्यांतली चार फाटकी. घरची भाषा कुणाची कन्नड, कुणाची तेलुगू, कुणाची हिंदी. मी वाचते तेव्हा पुढची पाच-सहा मुलं बोलतात, बाकीची नुसती बसतात. काय करू? (येरवडा)

सव्वीस मुलांना एकदम चित्रपुस्तक दाखवता येत नाही. मागच्या मुलाला चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं. सात-आठ मुलांचा गट करा. मदतनीस ताई बाकीच्यांना ठोकळे किंवा मातीकाम देऊन बसवतील. एका गटाला बारा मिनिटं पुष्कळ झाली. रोज दोन गट घेतले तरी दोन दिवसांत सगळ्यांची पाळी येते.

तुम्ही पाटावर बसा, मुलं जमिनीवर चंद्रकोरीसारखी. पुस्तक छातीसमोर धरलं की तुम्हाला ओळी दिसत नाहीत आणि तुम्ही ते सारखं फिरवत राहता. त्यापेक्षा खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. मजकूर आदल्या दिवशी पाठ करून ठेवा. खिडकी तुमच्या पाठीशी नको, पुस्तकाच्या समोर हवी. गुळगुळीत कागद चमकतो, म्हणून पुस्तक किंचित खाली कलतं ठेवा. गटात वाचायला ए-फोर किंवा त्याहून मोठंच पुस्तक घ्या. लहान आकाराची पुस्तकं एकेकट्याने किंवा जोडीने बघायला.

गप्प मुलांना आधी प्रश्न विचारू नका, आधी काम द्या. आजची पानं कोण उलटणार, पुस्तक कोण निवडणार. निवड खरी व्हायची असेल तर मुखपृष्ठं दिसली पाहिजेत. भिंतीला दोरी बांधा, जमिनीपासून साधारण ७५ सेंटीमीटरवर, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचाही हात सहज पोचेल. एका वेळी पाचच पुस्तकं, उघडून दोरीवर टांगलेली, वरून कपड्याचे चिमटे. सोमवारी त्यांतली दोन बदला. हजेरीच्या वहीत मागच्या पानावर खूण करत जा, या आठवड्यात निवडायची पाळी कोणाला मिळाली. तीच चार मुलं पुन्हा पुन्हा दिसली की कळेल बाकीची कुठे राहिली.

भाषेचं तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय, पण तुमच्याकडचं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहे. शब्द नसलेली किंवा फार थोडे शब्द असलेली पुस्तकं घ्या. चित्रात माठ आला की विचारा, ‘तुमच्या घरी पाण्याला काय म्हणतात?’ कोणी ‘नीरु’ म्हणेल, कोणी ‘नीळ्ळु’, कोणी ‘पानी’. एका कागदाच्या पट्टीवर हे शब्द देवनागरीत लिहा आणि त्या पानाला पट्टी लावा. पुढच्या वाचनाला त्या पानावर पाण्याचे सगळे शब्द म्हणायचे, तुम्हीसुद्धा. आईची भाषा ताईंच्या तोंडून ऐकू आली, की महिनाभर न बोललेलं मूलही तुमचा उच्चार दुरुस्त करायला तोंड उघडतं. त्याला करू द्या.

नवी पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर बघा. २०१५पासून सुरू आहे, मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत, फुकट उतरवून घेता येतात आणि परवाना खुला असल्यामुळे छापायलाही हरकत नाही. बरीच पुस्तकं तिथे एकाहून अधिक भाषांत आहेत, म्हणजे तेच चित्र कन्नड ओळींसकट मिळू शकतं. पहिल्या पातळीची घ्या, पानाला एखादंच वाक्य असतं. छपाई रंगीतच करा. काळ्या-पांढऱ्या छपाईत झाडी, मांजर आणि सावली एक होऊन जातात आणि मुलांना शोधायला काही उरत नाही. कमी छापा, पण रंगीत.

फाटकी चार टाकू नका. एक खोका ठेवा, ‘पुस्तकांचा दवाखाना’. शुक्रवारी दोन मुलं तुमच्याबरोबर बसून चिकटपट्टी लावतील. फाडणाऱ्याला शिक्षा म्हणून बसवायचं नाही. ज्याला हवं तो डॉक्टर.

मुलींसाठी मुद्दाम ‘मुलींची’ पुस्तकं घ्यावीत का? (बाणेर)

मुलींची पुस्तकं आणि मुलांची पुस्तकं असे दोन ढीगच करू नका. घरात आहेत त्यांतली दहा पुस्तकं घ्या आणि मोजा : चित्रात कोण काही करतंय, कोण नुसतं बघतंय. शिडीवर कोण, शिडीखाली कोण. मोजणी डोळे उघडते. अमेरिकेत २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘खूप खूप हुशार’ माणूस कोण, असं विचारल्यावर पाच वर्षांचे मुलगे जितक्या सहज पुरुषाकडे बोट दाखवत, तितक्याच सहज त्या वयाच्या मुली बाईकडे दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींचं ते प्रमाण घसरलं होतं. म्हणजे पहिलीत जायच्या सुमाराला हे घडतं. आणि हो, शिडीवरच्या मुलीचं पुस्तक मुलग्यांनाही वाचून दाखवा.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगितलं नाही तर मुलांना कळेल का? माझे वडील म्हणतात, तात्पर्याशिवाय गोष्ट म्हणजे मिठाशिवाय आमटी. (हडपसर)

वडिलांना सांगा, मीठ आमटी शिजताना घालतात, जेवण झाल्यावर चमचाभर भरवत नाहीत.

तात्पर्य सांगितलं की मुलाच्या लक्षात येतं, गोष्ट आपल्याला सुधारण्यासाठी होती. शेवटचं पान झालं की पुस्तक लगेच मिटू नका. मागचं मुखपृष्ठ दिसेपर्यंत गप्प बसा. मूल काही बोललं तर त्यावर बोला, नाही बोललं तर झोपा. दोन दिवसांनी भाजी आणायला जाताना ते अचानक बोलतं, तेव्हा ऐकायला मोकळे असा.

यातच एक जोडून. शिकवण हवी म्हणून आपण ससा-कासवांकडे धावतो. टोरोंटोच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून खाण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली, एकात माणसं आणि दुसऱ्यात कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर वाटले. प्राण्यांच्या गोष्टीने वाटणं वाढलं नाही. प्राण्यांच्या गोष्टी मजेसाठी जरूर वाचा. पण ‘हे माझंच आहे’ असं वाटायला हवं असेल तिथे माणसाचं मूल असलेलं पुस्तक घ्या.

मुलाचंच पुस्तक घरी करायचं आहे. मागच्या वर्षी वाढदिवसाला फोटोंचं केलं होतं, पण पानं सुटली, फुगली आणि त्याने एकदा बघून टाकून दिलं. (सिंहगड रस्ता)

पानं का सुटली ते आधी सांगतो, टाकून का दिलं ते नंतर.

ए-फोर आकाराचे जाडसर ड्रॉइंगचे कागद चार घ्या, १३० ते १५० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप). त्याहून जाड कार्डशीट घडीवर तडकते. प्रत्येक कागद मधोमध दुमडून घडीवर चमच्याची पाठ घट्ट फिरवा. चारही एकात एक घाला. आठ पानं, म्हणजे सोळा बाजू झाल्या. घडीवर तीन भोकं पाडा, एक बरोबर मध्ये, दोन दोन्ही टोकांपासून चार-चार सेंटीमीटरवर. दाभण किंवा जाड सुई चालेल, खाली जुनी मासिकं ठेवा. जाड दोरा ६० सेंटीमीटर. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूने सरळ खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला दोऱ्याचं एक टोक, दुसऱ्या बाजूला दुसरं. त्यावर दुहेरी गाठ. स्टेपलर नको, पिना बोटाला लागतात आणि गंजतात. पानांचे कोपरे कात्रीने गोल कापा.

फुगण्याचं कारण बहुधा पातळ केलेला फेव्हिकॉल. कागद पाणी पितो आणि वाकडा होतो. कांडीचा गोंद वापरा, फोटोच्या चारही कडांना आणि मध्ये एक तिरपी रेघ. फोटो पानाच्या घडीपासून दीड सेंटीमीटर लांब ठेवा, नाहीतर पान उघडताना उचकटतो.

आता टाकून का दिलं. वाढदिवसाच्या फोटोंत तो नटलेला आणि कॅमेऱ्याकडे बघणारा असणार. त्यात त्याने काही केलेलं नाही, त्याचं काही केलं गेलंय. या वेळी एकच काम निवडा, जे त्याला नुकतं जमायला लागलंय. केळं सोलणं, शर्टाची बटणं, सायकलची मागची दोन चाकं काढणं. आठवडाभर फोटो काढत राहा, पण ‘इकडे बघ’ म्हणू नका. हात जवळून घ्या. चुकलेले फोटो तर हवेतच : चिरडलेलं केळं, वरचं बटण खालच्या काजात. सात फोटो पुरतात, डाव्या पानावर फोटो आणि उजव्या पानावर एक ओळ. ओळ त्याने सांगायची, तुम्ही जशीच्या तशी लिहायची. ‘केळं मेलं’ म्हणाला तर ‘केळं मेलं’. व्याकरण सुधारलं की पुस्तक तुमचं होतं.

मुखपृष्ठावर नाव त्याच्या हातचं, लेखक म्हणून. अक्षर येत नसेल तर अंगठा किंवा गिचमिड रेघ चालेल. पुस्तक बाकीच्या पुस्तकांत उभं करून ठेवा, आठवण म्हणून कपाटात वर नको. जुलै-ऑगस्टमध्ये करत असाल तर चिकटवलेली पानं वर्तमानपत्रांच्या दोन थरांमध्ये घालून वर पोळपाट आणि भरलेला डबा ठेवा, रात्रभर. आपल्याकडच्या पावसाळी हवेत गोंद वाळायला दुप्पट वेळ लागतो, आणि मुलाला तर ते आत्ताच वाचायचं असतं.